गाडीतला वास

"गाडीत त्यांचा वास आहे हं अजून," किल्ली हातावर ठेवताना शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या. "एसी लावला की फार जाणवतं. मी कधी नुसती आत जाऊन बसायचे, पण तो लावणंच सोडलं. तुम्हीही नका लावू."

तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या बाईला वासाचं कसलं आलंय भय? वास म्हणजे हवेत तरंगणारे कण. आजोबा मानेला बाम चोळून गाडी चालवायचे, तो सीटमध्ये मुरला असणार. आरशाला एखादी सुगंधी पुडी टांगली की झालं. शिवाय तेव्हा थंडी होती. आजोबा गेल्यापासून आवारात नुसती उभी असलेली ती गाडी आजींनी या दोघांना दिली, तेव्हा एसीचं नाव कोण काढणार? गाण्यांच्या सेटची काच उन्हाने काळी पडली होती, तेव्हा तो बंदच समजा, असं आजींनी सांगितलं होतं. एसीही बंद आहे, हे कळायला मात्र उन्हाळा यावा लागला.

आणि उन्हाळा आला तो असा, की दुपारी गाडीचं दार उघडलं तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं व्हायचं. बाळाला दहावा महिना. मानेवर घामोळं उठलेलं. सोमवारपासून ती पुन्हा कामावर रुजू होणार होती आणि बाळाची पाळणाघरात ने-आण याच गाडीतून होणार होती.

काळजी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. बाळ रात्री गाढ झोपलं, तर श्वास चालू आहे ना म्हणून ती त्याच्या नाकाशी बोट धरायची. त्याने बाळ जागं झालं, की झोप पुरी होत नाही म्हणून काळजी करायची. अलीकडे तिला आणखी एक चिंता लागली होती. बाळ 'बा' म्हणायचं, 'टा' म्हणायचं, पंख्याकडे बघून 'फू' म्हणायचं. 'आई' मात्र म्हणत नव्हतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या एका शब्दाकडे ती कान लावून बसली होती.

गॅरेजवाल्याने सांगितलं, एसीतला गॅस उडून गेलाय, गाडी आठवडाभर ठेवून जा, रांग आहे. नवऱ्याला हे पटलं नाही. गॅसच भरायचा ना, मग घरी भरू, असं म्हणून त्याने जेवता जेवता त्याचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. घरातल्या दुरुस्त्यांचा त्याला भारी सोस. मागे त्याने नळाची गळती बंद करायला घेतली होती, तेव्हा चार दिवस आजींच्या घरून पाणी आणावं लागलं होतं.

आवारात सावली एकाच जागी, आजींच्या घराच्या भिंतीला लागून. गाडी तिथेच चिकटून उभी असायची, आणि भिंतीपलीकडे आजींची झोपायची खोली. आजी एकट्या. मुलगी दूरच्या शहरात. मुलीचं म्हणणं, घर विकून टाक आणि माझ्याकडे ये. आजींचं म्हणणं, हे घर सोडेन ते शेवटचे डोळे मिटल्यावरच. आदल्याच आठवड्यात यावरून मायलेकींचं फोनवर चांगलंच वाजलं होतं. आजींनीच ते कुंपणाशी उभं राहून तिला रंगवून सांगितलं होतं. फोन म्हणजे आजोबांचा. आजींचा स्वतःचा बादलीत पडून गेला, तेव्हापासून त्या हाच वापरत. तोही दिवसभर बंद ठेवायच्या, बॅटरी झिजते म्हणून. दिवेलागणीला चालू करायचा, मुलीशी बोलायचं, परत बंद.

तर पहिल्या संध्याकाळी नवरा गॅसचा डबा, नळी आणि दाब दाखवणारं घड्याळ घेऊन बोनेटसमोर उभा राहिला. डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, हातात ओव्हनचे फुलाफुलांचे जाड हातमोजे. बाळाची बाबागाडी तिने लांब, घराच्या दारात, पण समोरच्या काचेतून दिसेल अशी उभी केली. स्वतः गाडीत बसली. हातात बाळाच्या आंघोळीचं पाणी मोजायचं बदक, म्हणजे बदकाच्या आकाराचा थर्मामीटर. तो तिने एसीच्या जाळीसमोर धरायचा, असं ठरलं होतं.

"एसी फुल, पंखा फुल, काचा बंद," नवऱ्याने बजावलं. "मी सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही."

नळी पाइपाच्या तोंडाला टक् करून बसली. बोनेटखाली फुसफुस सुरू झाली. थोड्या वेळाने जाळीतून येणारी हवा कोमट झाली, मग बरी, मग गार. आणि त्या गार हवेबरोबर बामाचा वास आला. थोडाथोडका नाही. शेजारच्या सीटवर कुणी नुकतंच येऊन मानेला बोटभर बाम चोळावा, असा. तिने नकळत शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती. सीटबेल्टची पट्टी तेवढी हवेने हलत होती.

मग पंख्याच्या घरघरीत आणखी एक घरघर मिसळली. टर्र... टर्र... थांबून थांबून, दूरवर कुणी काही घासावं तशी. ती थांबली आणि गाडी म्हणाली,

"आई?"

तिने झटकन बाळाकडे पाहिलं. बाळाच्या तोंडात रबरी कडं होतं आणि लाळ हनुवटीवर आली होती. ते काही बोललेलं नव्हतं.

"आई, आहेस ना?" आवाज चहूबाजूंनी येत होता, पायांशी, दारांतून, पाठीमागून. बारीक, चिरका. बाईचा की मुलाचा, कळत नव्हतं.

 तेवढ्यात नवऱ्याने दार उघडून चष्म्यासकट डोकं आत घातलं आणि विचारलं, थंड पडतेय का. ती कशीबशी म्हणाली, पडतेय. तिला दुसरं बोलायचं होतं, पण घाबरलेल्या माणसाला भलतंच सुचतं. तिने विचारलं, "जुनी आहे रे. झेपेल ना तिला?"

"न झेपायला काय झालं? अजून थोडा गॅस सोडतो, पार गार पडली पाहिजे," तो म्हणाला. "आणि गेलीच तर गेली. नाहीतरी वय झालंच होतं तिचं."

कुठेतरी टुक् असा आवाज झाला आणि गाडी गप्प झाली.

रात्री जेवताना तिने सगळं सांगितलं. नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. गॅस बारीक पाइपातून जातो तेव्हा शिटी वाजते, असं त्याने समजावलं. शिटी 'आई' म्हणते का, असं तिने विचारल्यावर तो हसून म्हणाला, "तुझ्या कानात तेवढंच भरलंय ना सध्या."

हे खरं होतं, म्हणून तिला फार लागलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी एसीतून पुन्हा गरम वाफा. गॅस कुठूनतरी गळला होता. नवरा ऑफिसातून येताना गळती बुजवायचं औषध आणि दुसरा डबा घेऊन आला. आज मात्र ती गाडीत बसायला तयार होईना. शेवटी डबा जोडून देऊन, तुझी शिटी मीच ऐकतो, असं म्हणत तोच आत बसला. ती बाळाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

काचेतून तिला त्याचा चेहरा दिसत होता. आधी तो बदक हलवून तिला हसून दाखवत होता. मग त्याने नाक वर करून हुंगलं. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्यामागचा माणूस कुठेतरी निघून गेला.

आत गाडी त्याला सांगत होती, "आई, मला कालपासून झोप नाही. तो माणूस कोण आहे? तुला बोलता येत नसेल तर बोलू नकोस. नुसतं खोकून दाखव."

आता, बामाच्या उग्र वासाने त्याचा घसा मघापासून खवखवत होता. त्याने पुष्कळ दाबलं. पण खोकला काही कुणाचं ऐकत नाही.

 मग गाडी अगदी हळू म्हणाली, "कळलं मला. घाबरू नकोस. मी कुणाला तरी पाठवणार आहे."

तो बाहेर आला तो दार उघडं टाकून. पायात एकच चप्पल. काय झालं म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला, डास फार आहेत आत. मग पाणी प्यायला. मग बराच वेळ ओव्हनचे हातमोजे घालूनच सोफ्यावर बसून राहिला.

"आजोबांचाच आवाज असेल का रे?" तिने विचारलं. "पण आजोबा 'आई' कशाला म्हणतील?"

"का? आजोबांना आई नव्हती?" तो म्हणाला. विनोद करायचा त्याचा इरादा होता, पण बोलून झाल्यावर दोघांनाही हसू आलं नाही.

त्या रात्री बाळाच्या नाकाशी बोट धरताना तिला आजींचं वाक्य आठवलं. गाडीत त्यांचा वास आहे. तिने नाकाने ऐकलं होतं. पण वास म्हणजे नुसता दरवळ का? वास म्हणजे राहणंही. वास्तव्य. आजी तिला वासाबद्दल सांगतच नव्हत्या. भाडेकरूबद्दल सांगत होत्या.

आजींनाच जाऊन विचारावं, असं तिच्या मनात आलं. पण विचारायचं कसं? तुमचे आजोबा आमच्या गाडीत बोलतात, त्यांना दुसरीकडे जागा बघायला सांगा, असं? सकाळी कुंपणाशी त्या भेटल्या असत्या तर विषय काढता आला असता. पण सकाळी आजी कुंपणाशी नव्हत्या. आदल्या दिवशीही नव्हत्या. त्यांच्या दोरीवर कपडे नव्हते, खिडकीही लावलेली होती. हे सगळं तिच्या नजरेने टिपलं. सवयच होती. पण बाळाने तेवढ्यात पावडरचा डबा सांडला, आणि टिपलेलं तसंच राहून गेलं.

तिसऱ्या संध्याकाळी नवऱ्याने गाडी विकून टाकण्याचा विषय काढला. यावेळी तीच ऐकेना. ती घाबरट होती हे खरं, पण तिचं घाबरणं एका ठरावीक जागेपाशी येऊन थांबायचं, आणि त्या जागेवर बाळ बसलेलं असायचं. "सोमवारी माझं बाळ ज्या गाडीत बसणार, तिथे आधी कोण बसलंय ते मला कळायला हवं," ती म्हणाली. "तू गॅस सोड. मी बोलते."

तो मुकाट्याने चष्मा लावून बोनेटखाली गेला. ती आत बसली. इंजिन, पंखा, गारवा, बाम. मग ती टर्र टर्र. तिने बदक छातीशी घट्ट धरलं.

"आई?"

"हे बघ बाळा," ती म्हणाली. अंगाई म्हणताना लावायची तोच सूर तिने लावला. "तुझी आई इथे नाही."



"कोण बोलतंय?" गाडीने विचारलं. "आई कुठे आहे? तिला काय केलंत तुम्ही?"

"ती शांत झाली असेल रे केव्हाच. आता तूही शांत हो. जा बरं. इथे सोमवारपासून आमचं बाळ बसणार आहे."

यावर गाडीने जो हंबरडा फोडला, तो तिला पुढे कित्येक दिवस झोपेत ऐकू येत होता. आणि त्याच क्षणी तिच्या कानाजवळच्या काचेवर कुणीतरी बोटांनी टकटक केलं. तिच्या हातातलं बदक उडून पायाशी पडलं.

बाहेर हवालदार उभा होता.

तो वयाने पोक्त, घामाने भिजलेला आणि उकाड्याला वैतागलेला होता. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बोनेटखालून निघालेल्या, पोहण्याचा चष्मा आणि फुलाफुलांचे हातमोजे घातलेल्या, हातात वाफ निघणारा डबा धरलेल्या माणसाकडे पाहिलं.

"गॅस कुणाला देताय?" हवालदाराने विचारलं.

"गाडीला," नवरा म्हणाला.

"आणि म्हातारी कुठंय?"

कुठली म्हातारी, तेच दोघांना कळेना. मग हवालदाराने सांगितलं. परगावाहून एका बाईचे चौकीत सारखे फोन येत होते. तिच्या आईच्या घरात एक जोडपं शिरलंय. आईला कोंडून तिच्यावर गॅस सोडतायत. म्हातारी बोलू शकत नाही, फक्त खोकते. त्या माणसाचे शब्दही मुलीने जसेच्या तसे सांगितले होते आणि हवालदाराला ते पाठ झाले होते. "पार गार पडली पाहिजे. गेलीच तर गेली. नाहीतरी वय झालंच होतं तिचं." तो नवऱ्याकडे वळला. "हे तुम्ही बोललात?"

"बोललो," नवऱ्याची बोबडी वळली. "पण तिला... म्हणजे हिला... गाडीला."

ती मात्र पुढचं ऐकत नव्हती. आवारातल्या उकाड्यातही तिच्या पाठीतून तीन संध्याकाळचा गारवा वर चढत होता. दोरीवर कपडे नव्हते. खिडकी लावलेली होती. आपण बघितलं होतं आणि बघून आत गेलो होतो. ती बाळाला उचलून धावत सुटली आणि आजींचं दार वाजवू लागली.

दार उघडेना. तिने हाक मारली, मग हवालदाराने काठीने ठोकलं. आतून काहीच नाही. बाळसुद्धा गप्प होऊन दाराकडे बघत होतं. तिला आजींचे ओले डोळे आठवले, किल्ली देतानाचे, आणि आपण मनातल्या मनात सुगंधी पुडीचा रंग ठरवत होतो, तेही.

मग आत काहीतरी फरपटत असल्याचा आवाज आला. कडी सरकली. आजी दारात उभ्या होत्या. बाहेर जायची साडी, पायात बूट, हातात मोठी बॅग.

"टॅक्सी आली का?" त्यांनी विचारलं. मग हवालदाराला पाहून म्हणाल्या, "हे कशाला?"

बॅगेवर बसूनच त्यांनी सगळं सांगितलं. मुलीने अबोला धरला होता. रोज फोन लावला की उचलायची, आणि एक शब्द बोलायची नाही. कितीही वेळ कानाला लावून बसलं तरी नाही. "भांडलो होतो आम्ही, पण इतकं?" आजी म्हणाल्या. "पोटची पोर गप्प झाली, मग या भिंती राखून मी काय करू? दोन दिवस आत बॅगच भरतेय, निघालेय तिच्याकडे. उद्या दलाल येतोय म्हणाला, घर बघायला. किल्ली तुझ्याकडेच ठेवणार होते गं."

हवालदाराने त्यांना आपल्यासमोर फोन लावायला सांगितलं. आजींनी लावला, कानाशी धरला आणि मान हलवली. "बघा. ना रिंग, ना काही."

आणि बाहेर आवारात, कुणी नसलेली, बोनेट वासून उभी असलेली गाडी वाजू लागली. टर्र... टर्र...

हवालदाराने टोपी काढून पुन्हा घातली. मग चौघंही, बाळाला घेऊन, हळूहळू गाडीकडे गेले. उघड्या दारातून गार वाफ पायांवर येत होती.

"आई?" गाडी रडत म्हणाली.

आजी वाकल्या. एसीच्या जाळीजवळ तोंड नेऊन त्यांनी विचारलं, "अगं, तू इथे कशी?"

"आई! तू कुठे आहेस?"

"गाडीत."

"कुणाच्या?"

"बाबांच्या."

 मग मुलीने अगदी जपून विचारलं, "आई... बाबांबरोबर आहेस का तू?"

नवऱ्याने कपाळावर हात मारला. पोहण्याचा चष्मा मध्ये असल्याने तो चष्म्यावर बसला. आजोबांचा फोन आणि आजोबांची गाडी, जुने सोबती. गाडी भिंतीशी चालू राहिली, की फोन भिंतीपलीकडून ब्लूटूथने तिला ओळखायचा आणि आपलं बोलणं तिच्या तोंडी द्यायचा. आजींच्या कानात मग काही उरायचं नाही. सेटची काच काळी पडली म्हणून सगळ्यांनी त्याला मेलेला धरलं होतं. तो फक्त आंधळा होता.

हे त्याने सगळ्यांना समजावून सांगायला सुरुवात केली, पण ऐकायला कुणी नव्हतं. आजी पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि त्यांनी दार आतून ओढून घेतलं होतं. बाकीचे तिघं बाळाला घेऊन बाहेर उभे राहिले. काचेतून दिसत होतं, त्या बोलत होत्या, डोळे पुसत होत्या, मध्येच हात उडवून भांडतही होत्या. टॅक्सी आली आणि परत गेली. हवालदाराने निघताना नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, त्याच्याही गाडीचा गॅस उडालाय, रविवारी मोकळे आहात का.

गाडीची जोडणी काढून टाकायची म्हटलं, तर आजी नको म्हणाल्या. दलाल आला नाही आणि बॅग परत माळ्यावर गेली. आता रोज दिवेलागणीला नवरा गाडी चालू करून देतो आणि आजी आत बसून मुलीशी बोलतात. त्यांच्या वासात बसल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. कोणता वास, ते तिने विचारलं नाही.

सोमवारी सकाळी बाळाला मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधून तिने एसी लावला. हवा गार. बाम मंद. आजींचा फोन यावेळी बंद असतो, ते तिने दोनदा आठवून पाहिलं. आणि तेव्हा बाळ बोललं. जाळीकडे बोट दाखवून, गाडीकडे टक लावून, अगदी स्वच्छ.

"आई."

तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. इतके महिने जिच्याकडे कान लावून बसली, ती हाक गाडीच्या वाट्याला गेली होती. हसावं की रडावं हे ठरायच्या आत समोरच्या जाळीतून हलकेच कुणीतरी खोकलं. घसा साफ केल्यासारखं, कौतुकाने.

कॉम्प्रेसर असेल, असं तिने ठरवलं आणि गाडी बाहेर काढली.

पण जाता जाता आजींच्या खिडकीशी थांबून हॉर्न वाजवला, पडदा सरकेपर्यंत. आता रोजच थांबते. आणि भेटेल त्याला एक सांगते, तुम्हालाही सांगायला तिने बजावलंय. तुमच्याही भिंतीपलीकडे कुणी एकटं राहत असेल. दोरीवर कपडे आहेत का, खिडकी उघडलीय का, हे तुम्ही जाता-येता बघतही असाल. नुसतं बघू नका. हे वाचून झालं की उठा आणि दार वाजवून या. फोन करू नका. फोन कोण उचलेल, काही सांगता येत नाही.